तीन दिवसांत गुरुजी

जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिलीच्या पोराला 'ग'ला काना दिला की 'गा' होतो, एवढं शिकवायचं असेल तरी डी.एड. लागतं. वर टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. सप्टेंबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तर सांगून टाकलं, की निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, आधीपासून नोकरीत असलेल्या गुरुजींनीही दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरीवर पाणी सोडावं. नववी-दहावीला बी.एड. हवंच.

आता जरा वर चढा. मेडिकल कॉलेजात दीडशे पोरांसमोर उभं राहून मूत्रपिंड कसं चालतं ते सांगायला काय लागतं? एमडी. त्या एमडीच्या तीन वर्षांत सेमिनार होतात, जर्नल क्लब होतो, रात्री-अपरात्री इमर्जन्सी येतात, प्रबंध लिहून होतो. वर्गाला शिकवायचं कसं, हे मात्र कुणी बसवून शिकवत नाही. ते आपसूक येतं म्हणतात. आपल्याला ज्यांनी शिकवलं त्यांचं बघून. त्यांनी ज्यांचं बघितलं, आणि त्यांनीही ज्यांचं बघितलं, असं मागे मागे जात राहिलं की माणूस १८४५ सालच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातल्या एखाद्या गोऱ्या साहेबापाशी पोचतो. तोही नोट्स वाचूनच दाखवत असणार.

थोडक्यात, पोरगं जितकं लहान तितकी मास्तरांची परीक्षा कडक. त्या पोराच्या हातात पुढेमागे सुरी येणार असेल, तर मास्तरांना सगळं माफ.

याला एक अपवाद आहे आणि तो त्याच आवारात राहतो. एम.एस्सी. नर्सिंगच्या पहिल्या वर्षाला 'नर्सिंग एज्युकेशन' हा अख्खा विषय असतो. त्यातल्या प्रत्येकीला पाठाचं टाचण काढावं लागतं. रकाने आखून. वेळ किती, उद्दिष्ट काय, आशय काय, शिकवणारी काय करणार, शिकणारे काय करणार, तक्ता कोणता, मूल्यमापन कसं. मग खरा वर्ग घ्यायचा आणि मागच्या बाकावर मॅडम वही उघडून बसलेल्या. अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाला जखमा होऊ नयेत म्हणून कुशीवर कसं वळवावं, एवढ्या एका पाठासाठी रात्रभर चार्ट रंगवत बसलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. त्याच वेळी पलीकडच्या इमारतीत प्राध्यापक महाशय जी पीपीटी उघडतात, तिच्या शेवटच्या स्लाइडवर 'हॅपी न्यू इयर २०११' अजून शिल्लक असतं.

शिकवण्याचं शास्त्र रीतसर शिकलेल्या या मंडळींना वैद्यकीय शिक्षकांच्या प्रशिक्षणाला बोलावतात का? बोलावतात की. पाहुण्यांना पुष्पगुच्छ द्यायला.

आता प्रशिक्षणाकडे येऊ. हे आजचं खूळ नाही. सत्तरच्या दशकात पाँडिचेरीच्या जिपमरमध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या मदतीने शिक्षक-प्रशिक्षणाचं राष्ट्रीय केंद्र उभं राहिलं. १९९७च्या नियमांत तेव्हाच्या मेडिकल कौन्सिलने प्रत्येक कॉलेजात वैद्यकीय शिक्षणाचं युनिट, म्हणजे एमईयू, असलं पाहिजे असं लिहून ठेवलं. कॉलेजांनी ते मनावर घेतलं आणि पाटी लावली. ती खोली बहुतेक ठिकाणी लायब्ररीच्या वरच्या मजल्यावर असते. किल्ली कुणाकडे असते ते शिपायाला विचारावं लागतं, आणि शिपाई रजेवर असतो.

मग कौन्सिल गेली, राष्ट्रीय वैद्यकीय आयोग आला. २०२२च्या नियमांत सहयोगी प्राध्यापक व्हायचं तर दोन प्रमाणपत्रं लागतील असं ठरलं. एक बेसिक कोर्स इन मेडिकल एज्युकेशनचं, दुसरं बायोमेडिकल रिसर्चच्या बेसिक कोर्सचं. पहिला कोर्स तीन दिवसांचा, दुसरा ऑनलाइन. पदोन्नतीची अट आली आणि शिक्षणशास्त्राबद्दल इतकी वर्षं दडून राहिलेलं प्रेम एका रात्रीत उफाळून आलं. यादीत नाव लागावं म्हणून डीन साहेबांच्या पीएला फोन जायला लागले.

तो तीन दिवसांचा सोहळा एकदा तरी बघावा. आधी समई. एसीच्या झोतात वात पेटत नाही, चार प्राध्यापक आणि एक अधिष्ठाता मिळून पाचव्या काडीला ती पेटवतात. मग 'दोन शब्द'. विषय, एकतर्फी व्याख्यानांचा जमाना संपला. वेळ, पाऊण तास. समोरचे शिक्षक त्या पाऊण तासात नेमकं तेच करतात, जे त्यांच्या वर्गात त्यांचे विद्यार्थी करतात. मग एकमेकांची ओळख व्हावी म्हणून खेळ. वीस वर्षं शेजारच्या ओपीडीत बसणारे दोन डॉक्टर एकमेकांना 'तुमचा आवडता प्राणी कोणता' असं विचारतात. मग प्री-टेस्ट. त्यात शेजाऱ्याचं बघून लिहितात, आणि हे सगळे परवा कॉपी पकडायला सुपरवायझर म्हणून उभे होते.

दुपारी उद्दिष्टं लिहिण्याचं सत्र. १९५६ मध्ये बेंजामिन ब्लूम आणि मंडळींनी शिकण्याच्या पायऱ्या मांडल्या, तेव्हापासून या सत्रात 'समजणे' आणि 'माहीत असणे' यांना प्रवेश नाही. 'विद्यार्थ्याला मलेरिया समजेल' असं लिहिलंत की तांबड्या स्केचपेनाची रेघ. 'विद्यार्थी परजीवीचं जीवनचक्र आकृतीसह सांगेल' असं लिहा. म्हणजे ते तपासता येतं. मुद्दा एकदम रास्त आहे. पण एका टेबलाशी पाच विभागप्रमुख बसवा आणि त्यांच्यापुढे एक तक्ता ठेवा, मग बघा. पाऊण तास भांडण आकृतीला नावं द्यायची की नाहीत यावर. शेवटी टेबलावरची सगळ्यात ज्युनियर लेक्चररबाई गुपचूप सगळं लिहून काढते आणि सगळ्यात सीनियर सर ते वाचून दाखवतात. टाळ्या सरांना.

एवढी थट्टा केली, तर आता एक खरी गोष्टही सांगितली पाहिजे. तिसऱ्या दिवशी मायक्रोटीचिंग असतं. प्रत्येकाने पाच मिनिटं शिकवायचं, बाकीच्यांनी विद्यार्थी व्हायचं, कुणीतरी मोबाइलवर चित्रण करायचं आणि मग तेच पडद्यावर दाखवायचं. आमच्या परिचयातले एक सर्जन, हाताला यश आहे, लोक तालुक्यावरून शोधत येतात. त्यांनी 'हर्नियाची तपासणी' घेतली. पडद्यावर स्वतःला पाहिलं आणि गप्प झाले. पाच मिनिटांत त्यांनी एकदाही समोर पाहिलं नव्हतं. सगळा वेळ पाठ विद्यार्थ्यांकडे, तोंड स्लाइडकडे. एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तरही स्वतःच दिलं होतं. 'मी असं शिकवतो?' असं त्यांनी विचारलं आणि शेजारची फिजिऑलॉजीची बाई म्हणाली, 'सर, आपण सगळेच.' तीन दिवसांतलं खरं शिक्षण ते तेवढंच. पण ते झालं, हे नाकारायचं कारण नाही.

नंतर सर्जनना फीडबॅक मिळाला, तो नियमाप्रमाणे. आधी कौतुक, मध्ये दोष, शेवटी पुन्हा कौतुक. सरांना नवल वाटलं असेल. त्यांच्या वॉर्डात फीडबॅकची पद्धत गेली पंचवीस वर्षं एकच आहे. 'कुणी अॅडमिशन दिली रे तुला?' आधीही हेच, मध्येही हेच, शेवटीही हेच.

पाच वाजता पोस्ट-टेस्ट, प्रमाणपत्रं, पायऱ्यांवर सामुदायिक फोटो. सोमवारी सकाळी आठ वाजता तीच पीपीटी. हॅपी न्यू इयर.

असं का होतं हे कळायला जॉर्ज मिलर यांच्याकडे जावं लागेल. हे अमेरिकेतले डॉक्टर. १९५०च्या दशकात बफेलो विद्यापीठात त्यांनी वैद्यकशास्त्राचे आणि शिक्षणशास्त्राचे प्राध्यापक एकत्र आणले. डॉक्टरांना शिकवायला कुणीतरी शिकवलं पाहिजे, हे तेव्हा बोलणं म्हणजे धाडसच. पुढे शिकागोला इलिनॉय विद्यापीठात त्यांनी यासाठी वेगळा विभाग काढला. आरोग्यक्षेत्रातल्या शिक्षकांसाठीची मास्टर्स पदवी, एमएचपीई, जिथे रुजली त्यातलं हे एक जुनं ठिकाण. १९९० मध्ये मिलर यांनी एक त्रिकोण काढला. तळाशी माहीत असणं, त्यावर कसं करायचं ते माहीत असणं, त्यावर करून दाखवणं, आणि टोकावर रोजच्या कामात खरोखर करणं. परीक्षा सहसा तळाची घेतली जाते आणि रुग्णाचा जीव टोकावर अवलंबून असतो, असा त्यांचा रोख.

आपल्याकडे २०१९च्या बॅचपासून लागू झालेल्या नव्या अभ्यासक्रमाने हा त्रिकोण जसाच्या तसा उचलला. तीन जाडजूड खंड, त्यात प्रत्येक कौशल्याला नंबर आणि नंबरापुढे अक्षर. के, केएच, एसएच, पी. पी म्हणजे पोराने ते स्वतः करून दाखवलं पाहिजे, कुणीतरी शेजारी उभं राहून बघितलं पाहिजे, आणि मगच लॉगबुकात सही. कागदावर याच्याइतकं शहाणपणाचं काही नाही.

पण हाच त्रिकोण जरा उलटा करून शिक्षकांना लावा. तीन दिवस बसून जे मिळतं ते 'के'. टेबलावरच्या भांडणाचं 'केएच' धरू. मायक्रोटीचिंगची पाच मिनिटं उदार मनाने 'एसएच' म्हणू. आणि 'पी'? रोजच्या वर्गात हा माणूस खरोखर शिकवतो कसा, हे बघायला कोण येतं? कुणी नाही. आयोगाचा निरीक्षक येतो तो कार्यशाळेवर. सत्रं वेळेवर झाली का, किती जण होते, फोटो काढले का. तो गेला की गेला. विद्यार्थ्याला टाके घालायचे तर 'पी' पाहिजे आणि मास्तरांचं सगळं आयुष्य 'के'वर भागतं.

माझी तक्रार एवढीच आहे. कोर्स वाईट नाही. कोर्सने जे शिकवलं तेच कोर्सला लावत नाहीत, ही खरी गोम आहे.

लॉगबुकचं सांगायलाच हवं. परीक्षेच्या आधीचा आठवडा, विभागातल्या टेबलावर दीडशे लॉगबुकं, प्रत्येकात डझनावारी कौशल्यं. सर एका हाताने चहा पितात आणि दुसऱ्या हाताने सह्या करतात. मुलगा उभा राहून पानं उलटून देतो. 'सर, हे पण.' 'हे कधी केलंस?' 'सर, जानेवारीत.' 'बरं.' सही. एकाच दिवशी, एकाच निळ्या शाईने, वर्षभराच्या तारखा. सरांकडे बेसिक कोर्सचं प्रमाणपत्र आहे. सह्यांचा दर्जा त्यामुळे सुधारलेला दिसत नाही.

नव्या अभ्यासक्रमातली आणखी एक गंमत म्हणजे सुरुवातीचा फाउंडेशन कोर्स. त्यात स्थानिक भाषाही शिकवायची. बेत उत्तम. देशभराच्या कोट्यातून आलेल्या पोराला सोलापूरच्या आजीचं म्हणणं कळलं पाहिजे. 'पोटात कळ येते', 'पायाला मुंग्या येतात', 'बरगडीत चमक निघते', 'अंगातलं पाणीच पळाल्यागत वाटतं' ही चार वेगळी दुखणी आहेत, आणि ती त्याने एका 'पेन'मध्ये कोंबली तर निदान चुकतं. हे कौशल्य शिकवायला चांगला भाषाशिक्षक हवा, वॉर्डात हवा, रुग्णासमोर हवा. कॉलेजात काय होतं? स्टाफ लिस्ट काढतात. ज्याचं आडनाव मराठी, त्याला मराठीचा तास. बायोकेमिस्ट्रीचे जोशी सर फळ्यावर 'मी, आम्ही, तू, तुम्ही' लिहून मोकळे.

तसंच फॅमिली अॅडॉप्शनचं. पहिल्या वर्षापासून पोरांनी गावातली काही कुटुंबं धरायची, दर वर्षी त्यांच्याकडे जायचं. हे आता सगळ्या देशाला लागू झालं. सेवाग्रामच्या महात्मा गांधी इन्स्टिट्यूटमध्ये डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ मध्ये कॉलेज काढलं तेव्हापासून पोरं खेड्यात राहायला जातात. तिथे ते जमतं, कारण तिथले मास्तर पोरांबरोबर गावात मुक्कामाला असतात. बाकी ठिकाणी एक बस निघते, सरपंचांबरोबर फोटो होतो, जेवणाआधी बस परत.

आता तीन दिवसांच्या कोर्सपुढच्या पायऱ्या, थेट पदवीपर्यंतच्या. तीन दिवस पुरत नाहीत हे ज्यांना कळलं, ते पुढे वर्षभराचा अॅडव्हान्स कोर्स करतात, त्यात स्वतःच्या कॉलेजात एक प्रकल्प करावा लागतो. काही जण केईएमच्या जीएस मेडिकलमध्ये किंवा लुधियाना-कोइमतूरला फायमर या अमेरिकी संस्थेची फेलोशिप करतात. त्यातले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके एमएचपीई करतात, कुणी परदेशी विद्यापीठाची, कुणी इथलीच. वर्ध्याजवळच्या सावंगीच्या विद्यापीठात आता यासाठी वेगळी शाखाच आहे. अभ्यासक्रम कसा बांधायचा, परीक्षा कशी रचायची म्हणजे ती नेमकं हवं तेच मोजेल, प्रौढ माणूस शिकतो कसा, शिक्षणातलं संशोधन कसं करायचं, असे सगळे पेपर, वर प्रबंध. नोकरी, ओपीडी आणि घर सांभाळून रात्री अकराला ऑनलाइन चर्चेला बसणारी ही माणसं. बहुतेकांना घरून विचारलेलं असतं, 'याने पगार वाढतो का?' वाढत नाही.

पदवी घेऊन अशी बाई कॉलेजात परत येते. डोक्यात ओस्की असते. डंडीच्या रोनाल्ड हार्डन यांनी १९७५ मध्ये मांडलेली ती परीक्षा. एकामागे एक स्टेशनं, प्रत्येकाला सारखा प्रश्न, सारखी तपासयादी, घंटी वाजली की पुढे. कुणाचा मामा कोण याचा फरक पडत नाही. ती विभागाच्या मीटिंगमध्ये हे मांडते. सगळे ऐकून घेतात. मग विभागप्रमुख म्हणतात, 'मॅडम, तुम्ही आता एमईयूच्या समन्वयक.' बाईंना वाटतं, झालं, मिळाली संधी. पुढच्या महिन्यात कळतं, समन्वयकाचं काम म्हणजे बॅनरवर पाहुण्यांच्या नावांचा क्रम लावणं, जेवणाच्या थाळ्यांचा हिशोब ठेवणं आणि आयोगाच्या पोर्टलवर फोटो चढवणं. खोलीची किल्ली मात्र मिळते.

या सगळ्यात आयोगाने नियमांचं घड्याळ वेगाने फिरवून ठेवलं आहे. २०२३ मध्ये पदवी अभ्यासक्रमाची नवी मार्गदर्शक तत्त्वं आली, पाठोपाठ मागे घेतली, मग दुसरी आली. २०२४ मध्ये पुन्हा नवी आली, त्यात समलैंगिकतेबद्दल जुनाट विधानं निघाली, बोंब झाली, तीही मागे. तीन दिवसांच्या कार्यशाळेत शिक्षक जे शिकून आले, ते चौथ्या दिवशी लागू आहे की नाही, हे वर्तमानपत्रात बघावं लागतं.

आणि गरज तर वाढतेच आहे. २०१४ पूर्वी देशात एमबीबीएसच्या ५१,३४८ जागा होत्या, आता त्या दुपटीच्याही वर गेल्या. महाराष्ट्रात ९ ऑक्टोबर २०२४ ला एकाच दिवशी दहा सरकारी मेडिकल कॉलेजांचं उद्घाटन झालं. गडचिरोली, हिंगोली, वाशीम, बुलढाणा, भंडारा, असे जिल्हे की जिथे खरंच कॉलेज हवं होतं. जागा ९००. या पोरांना शिकवणार कोण? तर २०२५च्या नियमांनी दार आणखी उघडलं. २२० खाटांच्या सरकारी रुग्णालयात दहा वर्षं काढलेला स्पेशालिस्ट आता सहयोगी प्राध्यापक होऊ शकतो. दोन वर्षं काढलेला, सीनियर रेसिडेन्सी न करता, सहायक प्राध्यापक. त्याला अट एकच, संशोधनाचा बेसिक कोर्स दोन वर्षांत कर. संशोधन दोन वर्षांनी आलं तरी चालेल, शिकवायला मात्र सोमवारपासून उभं राहायचं.

या डॉक्टरांना मी नावं ठेवत नाही. जिल्हा रुग्णालयात दहा वर्षं बाळंतपणं केलेल्या बाईला जेवढं माहीत असतं, तेवढं पुस्तकात नसतं. त्यांना वर्गात आणलं हे चांगलंच झालं. पण ते डोक्यातलं पोरांपर्यंत पोचवायचं कसं, यासाठी त्यांना कुणाचीतरी सोबत हवी, आणि ती सोबत करायला रीतसर शिकलेली माणसं त्याच कॉलेजात बॅनरवरची नावं लावत बसली आहेत.

आयोगाने हजेरीवर मात्र कडक नजर ठेवली आहे. 'घोस्ट फॅकल्टी', म्हणजे कागदावर असलेले आणि वर्गात नसलेले शिक्षक, हा शब्द आयोगाच्याच तोंडचा. त्यावर उपाय म्हणून २०२५पासून मोबाइलवर चेहरा दाखवून, जीपीएससह हजेरी. प्राध्यापक आवारात आले हे दिल्लीला आठ वाजून दोन मिनिटांनी कळतं. आठ वाजून दहा मिनिटांनी त्यांनी वर्गात काय केलं, हे शेजारच्या खोलीतल्या विभागप्रमुखांनाही कळत नाही.

यावर फार मोठं धोरण लागत नाही. समिती नको, नवा खंड नको, पाचवं अक्षर तर मुळीच नको. एम.एस्सी. नर्सिंगच्या मॅडम जे करतात तेवढंच करायचं. वर्षातून दोनदा, प्रत्येक शिक्षकाच्या वर्गात, मागच्या बाकावर, एका जाणत्या सहकाऱ्याने वही घेऊन बसायचं आणि नंतर चहा घेताना त्या माणसाला खरं सांगायचं. पदोन्नतीच्या फायलीत तो कागद लावायचा, तीन दिवसांच्या प्रमाणपत्राच्या शेजारी.

अधिष्ठाता महोदय, सुरुवात तुम्हीच करा. या सोमवारी सकाळी आठच्या लेक्चरला जाऊन बसा. पुष्पगुच्छ नको, फोटोग्राफर नको, आधी कळवूही नका. आणि झोप आली तर सरांवर रागावू नका, ते लिहून घ्या.